वेल्डिंग टेबल नसताना लोखंडी चौकट सपाट आणि गुण्यात कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवर ४० बाय ४० च्या स्क्वेअर पाइपची १२०० बाय १५०० मिमीची गेटची चौकट केली, दोन्ही कर्ण जुळले, तरी गेट उभं केल्यावर कडीकडचा खालचा कोपरा बोटभर बाहेर राहिला. माझ्या पहिल्या गेटचं अगदी हेच झालं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी टेबलाशिवाय अंगणातच काम केलं, म्हणून सविस्तर सांगतो.

तुमची चौकट गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत, पण तिला पीळ पडलाय, म्हणजे चारही कोपरे एका पातळीत नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ण जुळले आणि समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की काटकोन बरोबर आला एवढंच कळतं. एक कोपरा दहा मिमी उचललेला असला तरी टेपवर कर्णाचा फरक दिसतच नाही. म्हणून पीळ वेगळा तपासावा लागतो, आणि तो नुसते टाके, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, मारलेले असतानाच तपासावा लागतो.

आधी बैठक. कोबा सपाट दिसतो, पण पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला मुद्दाम उतार दिलेला असतो. शिवाय कोब्यावर थेट वेल्डिंग करूच नका. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होते, कोबा फुटतो आणि खपल्या तोंडावर उडतात. दोन सरळ, जाड पाइप किंवा चॅनेल घ्या, विटांवर समांतर ठेवा आणि चौकट त्यांवर आडवी टाका. पाइप सरळ आहे का ते एका टोकाकडून डोळा लावून बघा. दुकानात घेतानाच असं बघून निवडला तर पुढची निम्मी कटकट वाचते. हे दोन पाइप लेव्हलमध्येच हवेत असं नाही, फक्त एकमेकांच्या पातळीत हवेत. एकाच्या मागे उभं राहून, वाकून त्याच्या वरच्या कडेवरून दुसऱ्याची कड बघा. दोन्ही कडा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. एक टोक वर दिसलं तर विटेखाली पत्र्याचा तुकडा सरकवा.

आता चौकट मांडा आणि प्रत्येक कोपऱ्याला एकच छोटा टाका मारा, बाहेरच्या अंगाला. गार होताना वेल्ड आकसतो आणि ज्या बाजूला तो आहे त्या बाजूला पाइप ओढतो. आतल्या कोपऱ्यात आधी मारला तर कोन मिटतो, वरच्या तोंडावर मारला तर पाइपची टोकं वर उचलतात. टेबल नसलं की सगळं भांडण या ओढीशीच असतं.

टाके झाले की कर्ण मापा. तुमच्या मापाच्या चौकटीचा कर्ण बाहेरून बाहेर १९२१ मिमी यायला हवा. दोन कर्णांत ६ मिमी फरक असेल, तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोका आणि तो ३ मिमी कमी झाला की थांबा. दुसरा आपोआप तेवढाच वाढतो. मग एका कोपऱ्यातून पलीकडे तिरपी पट्टी टाक्यांवर अडकवा, म्हणजे पुढे हलणार नाही. ती नंतर ग्राइंडरने काढायची.

यानंतर पीळ. गवंड्याची लाइन दोरी समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून ताणून बांधा, दोन्ही कर्णांवर. मधे जिथे दोऱ्या एकमेकींना ओलांडतात तिथे त्या जेमतेम टेकल्या पाहिजेत. वरची आणि खालची अदलाबदल करूनही बघा, कारण पीळ उलट्या बाजूचा असेल तर वरची दोरी खालचीवर दाबून बसते आणि फट दिसतच नाही. मधे ५ मिमी फट म्हणजे एक कोपरा १० मिमी बाहेर. या वेळी हाताने पिळून सरळ करता येतं, कारण अजून नुसते टाके आहेत. फारच बिघडलं असेल तर पातळ डिस्कने टाका कापा आणि परत मारा. त्यात कमीपणा नाही.

मग चौकट उलटवून मागून टाके मारा, दोरी परत लावा, आणि तेव्हाच पक्कं वेल्डिंग सुरू करा. एक कोपरा एका दमात संपवू नका. एका कोपऱ्याचं एक अंग, मग तिरक्या समोरच्या कोपऱ्याचं, मग उलटवून मागची बाजू. हात लावता येईल इतका गार होईपर्यंत थांबा, पाणी ओतू नका. १६ गेज जाडीच्या पाइपला २.५ मिमीचा रॉड पुरतो. करंट जितका जास्त तितकी ओढ जास्त.

दोन पल्ल्यांचं गेट करत असाल तर माझी आवडती युक्ती वापरा. टाके मारलेल्या दोन्ही चौकटी एकावर एक ठेवून सी-क्लॅम्पने घट्ट आवळा आणि आलटून पालटून दोन्हीकडून वेल्ड करा. एकीची ओढ दुसरी थोपवते. गार झाल्यावरच सोडा.

आता हातातल्या गेटचं. आतल्या सळ्या अजून मारल्या नसतील तर चौकट सपाट जागी टाका. जे दोन कोपरे टेकतात त्यांच्याखाली विटा द्या आणि उचललेल्या दोन कोपऱ्यांवर हळूहळू दाब द्या, दर वेळी सोडून दोरीने बघत. गेट पूर्ण झालं असेल तर बिजागरीत सुधारा. कडीकडचा खालचा कोपरा १२ मिमी बाहेर असेल, तर तिरक्या समोरची म्हणजे वरची बिजागरी ६ मिमी बाहेर घ्या. कडीकडे फरक निम्माच उरतो, आणि तेवढा कडीच्या आंकड्यात सांभाळता येतो.