ग्रासकटरचं इंजिन जॅम झालं तर दुरुस्त करावं की नवीनच घ्यावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: काजूच्या बागेत बेणणी चालू होती, ४३ सीसीचा टू-स्ट्रोक ग्रासकटर एकदम आवाज चढवून बंद पडला, आता दोरी ओढली जात नाही आणि मेकॅनिक म्हणतो इंजिन जॅम, चायना माल आहे, नवीन मशीन घ्या.

त्याने सायलेन्सर काढून आत पाहिलं का? प्रश्नात तसं काही नाही, म्हणजे पाहिलं नसणार. दोन बोल्टचं काम आहे. ते न करता ‘इंजिन गेलं’ म्हणणारा माझ्या लेखी मेकॅनिक नाही, मशीन विकणारा आहे.

आधी प्लग काढून दोरी ओढा. फिरलं तर इंजिन जॅम नव्हतंच, सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं होतं. नाही फिरलं तर स्टार्टरचं कव्हर उतरवा आणि इंजिन हाताने फिरवून बघा. फिरलं तर दोष स्टार्टरच्या स्प्रिंगचा नाहीतर पुलीचा. पुढच्या गिअर हेडवर खापर फोडू नका. तो गच्च बसला तरी मधे सेंट्रिफ्युगल क्लच असतो, तो इंजिन जोरात फिरलं तरच धरतो, त्यामुळे दोरी अडत नाही. एवढं करूनही हललं नाही, तर मग इंजिन.

सायलेन्सर निघाला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. मोबाइलचा टॉर्च मारा. उभे ओरखडे फक्त याच बाजूला असतील तर एक तर तेल पोचलं नाही, किंवा मिश्रण लीन झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कार्बोरेटर काढून पलीकडच्या बाजूने पाहिलं आणि पिस्टन तिथे राखाडी, मातकट घासलेला दिसला तर एअर फिल्टरमधून धूळ गेली. सगळीकडून घासला असेल तर सिलिंडरच्या फिन्समध्ये (थंडाव्यासाठीच्या बाहेरच्या पात्यांमध्ये) गवताचा चोथा बसून इंजिन तापलं. आणि पिस्टन चकचकीत असूनही इंजिन हलत नसेल तर क्रँकचं बेअरिंग फुटलंय. चार वेगळी कारणं, चार वेगळे उपाय. कारण न शोधता नवा पिस्टन टाकला, तर तोही जाणार.

तुमच्या प्रश्नातला ‘आवाज चढवून’ हा शब्द मला खटकला, कारण तो सरळ लीनकडे बोट दाखवतो. असाच एक १ई४०एफ मॉडेलच्या इंजिनाचा कटर माझ्याकडे आला होता. आधी दुसरीकडे नवा सिलिंडर-पिस्टन बसवलेला, तोही पेट्रोलच्या थोड्याच टाक्यांत जॅम. तिथल्या माणसाने निदान केलं होतं, ‘तेल कमी घालता, डबल घाला.’ मालकाने इमानेइतबारे घातलंही. प्लग बघितला तर टोकाला पांढराफटक. तेल खरंच डबल पडलं होतं तर प्लग काळा, ओलसर हवा. म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत येत होती.

अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलत बसू नये, प्रेशर टेस्ट करावी. बीपीचं जुनं मशीन असेल तर त्याचा फुगा आणि काटा एवढंच सामान पुरतं. सायलेन्सर आणि सिलिंडरच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून एक्झॉस्ट बंद करायचं. कार्बोरेटर काढायचा, पण त्यामागचा काळा इन्सुलेटर जागेवर ठेवायचा, म्हणजे त्याचं गॅस्केटही तपासलं जातं. इन्सुलेटरवर रबर लावून अॅल्युमिनियमची पट्टी कसायची, पट्टीला भोक पाडून निपल बसवायचं आणि त्यावर बीपीची नळी. प्लग घट्ट लावून पिस्टन वर ठेवायचा. पिस्टन वर असला की इनटेकचं भोक क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद कप्प्यात) उघडतं. काटा २५० वर नेला की साधारण ५ पीएसआय होतात. त्याहून जास्त भरू नका, क्रँकचे चांगले रबरी सीलही उलटतील. चांगल्या इंजिनात काटा जवळपास तिथेच राहतो. या कटरचा काटा बघता बघता खाली आला.

मग साबणाचं पाणी. इन्सुलेटरला बुडबुडा नाही, सिलिंडरच्या बुडाशी नाही, प्रायमरच्या फुग्याचा इथे संबंधच नाही. फ्लायव्हील उतरवल्यावर दिसलं: क्रँकच्या सीलच्या कडेला फेस येत होता आणि सीलच्या ओठावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाची खाच होती. आधीच्या कोणीतरी पुलर (फ्लायव्हील खेचून काढायचं अवजार) न लावता फ्लायव्हील उचकटलं होतं. पिस्टन वर जाताना क्रँककेस जशी कार्बोरेटरमधून ओढते, तशीच त्या खाचेतूनही ओढते. फुल थ्रॉटलला मिश्रण लीन होतं, आरपीएम चढतात, मालक खूश होतो की आज मशीन जोरात आहे, आणि पेट्रोल कमी म्हणजे त्याच्याबरोबर येणारं तेलही कमी. पिस्टन धरला. सीलच्या अंगावरच माप छापलेलं असतं, बेअरिंगच्या दुकानात मिळतो. मोटारसायकलच्या पार्टवाल्याकडे शोधत बसू नका.

आता तेलाचा वाद. बाजारपेठेत बसलेला प्रत्येक जण सांगतो की तेल जास्त घातलं तर इंजिन सेफ. साफ चूक. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात तेल वाढलं की पेट्रोल घटतं, शिवाय मिश्रण घट्ट होऊन जेटमधून जरा कमीच जातं. म्हणजे तेल वाढवून तुम्ही मिश्रण आणखी लीनकडे ढकलता. वर एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या जाळीत कार्बन साचतो तो वेगळाच. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:४० म्हणजे २५ मिली, १:५० म्हणजे २० मिली. मशीनच्या पुस्तकात जे आहे तेवढंच, तेही मापाने. झाकणाने नाही, ‘दोन बुचं’ हे माप नाही. तेल टू-टीचंच (टू-स्ट्रोकसाठीचं) हवं, डब्यावर जासो एफडी (अशा तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं असेल तर उत्तम. गाडीचं २०डब्ल्यू४० घालणाऱ्याला काय सांगणार, ते जळण्यासाठी बनवलेलंच नाही.

तेल बरोबर असूनही तेल पोचत नाही असं एका कारणाने होतं, आणि त्याकडे कोणी बघत नाही. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात अर्धा रिकामा, सैल बुचाचा कॅन म्हणजे त्याला आमंत्रणच. पाणी पुरेसं झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, आणि टाकीतला फिल्टर लोळतो तळाला. इंजिन बिनतेलाचं ओढतं. संशय आला तर टाकीतलं मिश्रण काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर कारण सापडलं. मिश्रण पंधरवड्यात संपेल एवढंच करा.

आता दुरुस्ती. सिलिंडर उतरवला की आतून नख फिरवा. आतल्या क्रोमच्या मुलाम्याखालून अॅल्युमिनियम दिसत असेल किंवा नख अडेल अशी खोल रेघ असेल तर सिलिंडर गेला; कोटिंगवाला सिलिंडर बोअर करून घेता येत नाही, कोणी करून देतो म्हणाला तर तिथून निघा. नुसतं पिस्टनचं अॅल्युमिनियम भिंतीला चिकटलं असेल तर ते मुरिअॅटिक (हायड्रोक्लोरिक) अॅसिडने निघतं, पण जपून, क्रोमवर राहिलं तर हे अॅसिड क्रोमही खातं. कापसाची काडी बुडवून फक्त चिकटलेल्या रेघेवर, फेस थांबला की पुसायचं, पुन्हा लावायचं. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी, आणि लगेच तेलाचा हात. पोर्टच्या कडांना अॅसिड लागू देऊ नका, तिथे अॅल्युमिनियम उघडं असतं, ते खाल्लं जातं. नाव नसलेल्या चायना इंजिनाचा सिलिंडर-पिस्टन सेट हजाराच्या आगेमागे मिळतो, त्यामुळे तुमच्या मशीनला अॅसिडची उठाठेव न केलेलीच बरी. महाग कंपनीचं मशीन असेल तर करा.

बसवताना पिस्टनच्या डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगेची तोंडं खोबणीतल्या बारीक पिनेवरच आली पाहिजेत, नाहीतर सिलिंडर दाबताना रिंग तुटते किंवा तोंड पोर्टमध्ये अडकतं. गजन पिनेचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेचे) सर्क्लिप नवेच, जुने वाकवून पुन्हा लावलेले सुटतात आणि सिलिंडर फाडतात. बुडाचं गॅस्केट नवं. फ्लायव्हील आणि कॉइलमध्ये ०.३ मिमी फट, व्हिजिटिंग कार्ड अडकवून कॉइल कसली की तेवढी होते. पहिल्या टाकीला फुल थ्रॉटल धरून ठेवू नका, कमी-जास्त करत राहा.

तुमचा खरा प्रश्न, नवीन कधी? सिलिंडर उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. खडखड लागली तर क्रँक गेला. रॉड आजूबाजूला थोडा सरकतो ते चालतं, वर-खाली अजिबात नाही. क्रँक, बेअरिंग, सील आणि सेट मिळून पूर्ण इंजिनाच्या निम्म्यावर खर्च गेला की पूर्ण इंजिनच घ्या, मशीन नको. पाइप, गिअर हेड, हँडल तुमचंच राहतं. घेताना क्लच ड्रमचा आतला व्यास (७६ की ७८ मिमी) आणि पाइपचा बाहेरचा व्यास (२६ की २८ मिमी) मोजून न्या, नुसतं ‘४३ सीसीचं द्या’ म्हणू नका. आणि नव्या इंजिनावर जुना कार्बोरेटर, जुना पेट्रोल पाइप, जुना टाकी फिल्टर चढवू नका. कार्बोरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) कडक झालेला असेल तर नवं इंजिनही त्याच वाटेने जाईल. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोकही बघा. ते बुजलं की टाकीत निर्वात होऊन पेट्रोल अडतं, पुन्हा लीन.

हो, वॉरंटी चालू असेल तर यातलं काहीही करू नका, कंपनीचं सील तुटलेलं दिसलं की कंपनीवाले हात वर करतात. आणि तुमचं मशीन फोर-स्ट्रोक असेल, होंडा जीएक्स३५ सारखं, तर तेल मिसळण्याबद्दलचं वरचं सगळं सोडून द्या. त्यात साधं पेट्रोल आणि वेगळं इंजिन ऑइल, फक्त १०० मिली. एवढ्याशा तेलात थोडं जरी जळून गेलं तरी फरक पडतो, म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी मशीन सपाट ठेवून पातळी बघा. ही इंजिनं बहुतेक वेळा तेल संपल्यामुळेच धरतात, आणि त्यात सेट बदलण्यापेक्षा पूर्ण इंजिन घेतलेलं बरं पडतं.