दंडाधिकारी म्हणून रुजू होण्यापूर्वी

प्रिय स्नेही,
सप्रेम नमस्कार.

किरकोळ गुन्ह्यांची प्रकरणे कशी हाताळावीत, असे तुम्ही विचारले होते. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळ 1993 मध्ये मिडटाउन सामुदायिक न्यायालय सुरू झाले, तेव्हा शहराच्या मुख्य न्यायालयात किरकोळ चोरांना किंवा विनापरवाना फेरीवाल्यांना पुष्कळदा कोठडीत गेलेला वेळ हीच शिक्षा धरून सोडून देत. मिडटाउनने त्यांना त्याच परिसरात झाडलोटीसारखी कामे लावली आणि ती लांबणीवर पडू दिली नाहीत. काम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तेथे सुमारे 75 टक्के होते, मुख्य न्यायालयात 50 टक्के. कोणते काम द्यावे याचा आपण फार खल करतो, पण आदेश आणि काम यांत किती दिवस जातात हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

ब्रुकलिनमधील रेड हुक येथे 2000 साली जुन्या कॅथलिक शाळेच्या इमारतीत असेच न्यायालय उभे राहिले. तेथे न्यायाधीशांचे आसन मुद्दाम आरोपीच्या नजरेच्या पातळीवर ठेवलेले आहे. 2013 च्या मूल्यमापनात तेथील प्रौढ आरोपींना पुन्हा अटक होण्याचे प्रमाण 10 टक्क्यांनी कमी आढळले; अभ्यासकांनी त्याचे श्रेय शिक्षेच्या धाकापेक्षा आपले ऐकून घेतले गेले या आरोपींच्या भावनेला अधिक दिले. अर्थात इमारत आणि नाव उचलून आणले म्हणजे हे साधत नाही. रेड हुकच्या धर्तीवरच लिव्हरपूलमध्ये काढलेल्या केंद्रामुळे गुन्ह्यांची पुनरावृत्ती घटल्याचे दिसले नाही आणि 2014 मध्ये ते बंद झाले.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्याने ऐवज किंवा त्याची किंमत परत केली, तर तीच शिक्षा द्यायची आहे. मात्र पूर्वी समज देऊन सुटला असता अशा माणसाला, नवी शिक्षा हाताशी आली म्हणून, त्यात ओढू नका. आरोपीला आदेश त्याच्या भाषेत समजावून सांगा आणि तो काय म्हणतो ते मध्येच न तोडता ऐका. दिवसाच्या यादीत (बोर्डावर) शंभर प्रकरणे असताना हे जड जाईल, तरीही. काम कोठे करायचे, देखरेख कोणाची आणि हजेरीचा अहवाल कोणत्या तारखेला तुमच्यापुढे यायचा, हे आदेशातच लिहा.

तुमचा हितचिंतक