जळगावच्या उन्हात डब्ल्यूपीसीचे (लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचे) कुंपण टिकेल का?
टिकेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, म्हणून वरून संरक्षक थर दिलेल्या, फिकट रंगाच्या पट्ट्या निवडाव्यात. गडद पट्टी दुपारी हात लावू देत नाही. ही पट्टी उष्णतेने लांबीत वाढते, त्यामुळे थंडीच्या सकाळी खांबाच्या खाचेत घट्ट बसवली, तर उन्हाळ्यात धनुष्यासारखी वाकते. उत्पादकाने सांगितलेली फट सोडलीच पाहिजे. खरी परीक्षा मात्र आपल्या काळ्या जमिनीची आहे, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि उथळ पायाचे खांब तिरपे करते. खांबांवर पैसे वाचवू नयेत, ही कळकळीची विनंती: ते जस्तलेपित लोखंडाचे घ्यावेत आणि खड्डा शक्यतो मुरमापर्यंत न्यावा.