वेब सोडून एम्बेडेडकडे वळताना सुरक्षेचं नवीन काय शिकावं लागेल?

वेब ॲप्लिकेशनमध्ये पाच वर्षं काढलीत, तेव्हा सुरक्षेचं बरंचसं येतच असेल, असं तुम्ही लिहिलंय. एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणाच्या आत बसलेल्या चिपच्या कामात, त्यातलं निम्मं येतं. मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत एसएमएस किंवा मिस्ड कॉलवर शेतीपंप चालू-बंद करणाऱ्या मोबाइल स्टार्टरचे बोर्ड बनवतो, त्यावरून सांगतो.

तुमचा सर्व्हर कुलपात असतो. आमचा बोर्ड कृष्णाकाठच्या उसात, पत्र्याच्या पेटीत. टेस्टिंगसाठी ठेवलेल्या सीरियल पोर्टच्या चार पिना पहिल्या लॉटमध्ये तशाच विकल्या गेल्या. आमच्याच एका पोरानं साधा यूएसबी कन्व्हर्टर लावला आणि चहा यायच्या आत फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, बाहेर काढलं. आत एसएमएसचा पासवर्ड उघडा, आणि सगळ्या बोर्डांना एकच! एक पेटी फोडली की ज्याचा सिम नंबर माहीत, त्याची मोटार आपल्या हातात.

वेबवर तुम्ही हे संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं असतं. आम्ही लॅपटॉप घेऊन मोटारसायकलवर बांधाबांधानं फिरलो. एका आजोबांनी पेटीला हातच लावू दिला नाही. "चालतंय न्हवं? मग कशाला उचकटताय?" त्यांचंही बरोबर होतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मेला आणि ऊस तहानला. आता आम्ही फर्मवेअरला दोन जागा ठेवतो. नव्याची डिजिटल सही (ते आमचंच असल्याची खूण) तपासून ते नीट चालू झाल्याशिवाय जुनं पुसत नाही.

चिपमध्ये रॅम २० केबी. एसक्यूएल इंजेक्शन इथं नाही, पण सी भाषेत लांबी न तपासता एसएमएस बफरमध्ये, म्हणजे रॅममधल्या ठरावीक मापाच्या जागेत, ओतला की खेळ संपला. मालकाच्या नंबरवरून मिस्ड कॉल आला म्हणून मालकच, असंही धरू नका. नंबर खोटा दाखवता येतो.

आणि तुमच्याकडे डेटा फुटतो, इथं वायरमनचा हात पेटीत असताना मोटार सुरू होऊ शकते. म्हणून हातानं पाडायचा मेन स्विच पेटीत हवाच, तिथं सॉफ्टवेअरवर भरवसा नको.

'आपल्या पेटीकडे कोण बघतंय' असंही समजू नका. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं कॅमेरे, डीव्हीआर असली उपकरणं कंपनीचे मूळ पासवर्ड वापरूनच ताब्यात घेतली आणि त्यांच्या माऱ्यानं मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या.

सुरुवात करायची तर भंगारातून एक जुना राउटर आणा, उघडा आणि त्यावर सीरियलच्या पिना शोधा. मल्टीमीटर मात्र आधी घ्या.