रंगीत चष्मा, इंग्रजीचा पेपर आणि बोट

«मुलगा नववीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. पुस्तक घेऊन बसला की अक्षरं हलतात म्हणतो, ओळ चुकते, कपाळ दुखतं. एका शिबिरात त्याला रंगीत काचेतून वाचायला दिलं, तर म्हणाला बरं वाटतं. आता १८,००० रुपयांचा रंगीत चष्मा करा असं सांगतात. त्याला मामासारखं बोटीवर जायचंय. चष्मा करू का? आणि डिस्लेक्सिया निघाला तर बोटीचं राहिलंच का?»
— एक आई, सांखळी

ताई, चष्म्याचे पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. मुलगा बहाणे करतोय असं मात्र कुणालाही घरात म्हणू देऊ नका. अक्षरं हलतात, ओळी एकमेकींत मिसळतात, ही तक्रार खरी असते. कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या ओळी पट्ट्यांसारख्या डोळ्यांना टोचतात, अशी ती अवस्था. ज्यांना अर्धशिशी असते त्यांच्यात ती जास्त दिसते.

१९८० च्या सुमारास न्यूझीलंडच्या ऑलिव्ह मिअर्स आणि अमेरिकेच्या हेलन अर्लेन यांनी रंगीत काचेचा उपाय पुढे आणला. पुढे इंग्लंडमध्ये अर्नोल्ड विल्किन्स यांनी त्यावर बरंच काम केलं. काही मुलांना त्याने आराम वाटतो, हे मी नाकारत नाही. पण त्याने वाचनाची अडचण सुटते, असा भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून हेच सांगितलं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन अक्षमता, डोळ्यांत नसतो. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी मेंदूत पटकन जुळत नाही, तिथे तो असतो. ती जोडी काच बदलून जुळत नाही. त्यासाठी शिकवावं लागतं, आणि तेही रोज.

म्हणून आधी डोळे. शाळेतल्या तपासणीत दूरचा तक्ता वाचून घेतात, जवळचं कुणी बघत नाही. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) नेत्र विभागात किंवा तुमच्या ओळखीच्या नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन स्पष्ट सांगा: जवळ वाचताना त्रास होतो, लपलेला प्लस नंबर आहे का, दोन्ही डोळे जवळ नीट वळतात का, ते बघा. डोळे आत वळण्यात कमजोरी असेल तर व्यायामाने ती सुधारते, आणि कपाळदुखीचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

रंगाची शंका मनातून जात नसेल तर घरीच बघा. त्याला येणारे पंधरा सोपे शब्द घ्या आणि उलटसुलट क्रमाने दहा ओळी लिहा. अर्थ लागायला नको, म्हणजे अंदाजाने वाचता येणार नाही. स्टेशनरीच्या दुकानातून पारदर्शक प्लास्टिकच्या रंगीत फाइली आणा, एक बिनरंगी पण तशीच पारदर्शकही आणा. नुसता कागद, बिनरंगी फाइल, रंगीत फाइल असं तीन प्रकारे एकेक मिनिट वाचायला लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. क्रम बदलून हेच चार-पाच दिवस करा. शिबिरात नवीन गोष्टीच्या उत्साहाने मूल चांगलं वाचतं, पाचव्या दिवशी खरा आकडा कळतो. बिनरंगीपेक्षा रंगीत फाइलने दर वेळी स्पष्ट फरक पडत असेल, तर तीच फाइल पुस्तकावर ठेवून वाचू दे. १८,००० ची गरज नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे चौथीपर्यंतची मराठी शाळा. तेव्हा तो मराठी धडा कसा वाचायचा? जोडाक्षरांना अडखळायचा का? देवनागरीत अक्षर आणि उच्चार बहुतेक जुळतात, इंग्रजीत तसं नसतं. मराठी तेव्हाही जड गेली असेल तर वाचन अक्षमतेची तपासणी नक्की करा. मराठी सहज वाचायचा आणि पाचवीनंतरच अडला असेल, तर त्याला इंग्रजीचा पायाच नीट मिळालेला नसण्याची शक्यता मोठी. आपल्या गोव्यात अशी भुरगी पुष्कळ आहेत, आणि त्यांना उगाच डिस्लेक्सियाचं लेबल लागतं.

तपासणीसाठी बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, चौकशी करा. त्या फाटकातून आत जाताना लोक काय म्हणतील म्हणून कितीतरी आईबाप वर्ष-दोन वर्षं घालवतात, आणि ती वर्षं मुलाची जातात. तुम्ही तसं करू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. परीक्षेतल्या जादा वेळेबद्दल केंद्राच्या मार्गदर्शक सूचना पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं देतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गोवा बोर्डाच्या सवलतींबद्दल मुख्याध्यापकांना याच वर्षी भेटा. दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव होते.

आता बोट. जीपी रेटिंगच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशाच्या कामाच्या, कोर्सला दहावीत इंग्रजीत किमान ४० टक्के लागतात, आणि वय साडेसतरा पूर्ण हवं. म्हणजे हातात वेळ आहे, आणि अडथळा चष्म्याचा नसून इंग्रजीच्या पेपरचा आहे. दुसरं, बोटीच्या वैद्यकीय तपासणीत रंगांची ओळख बघतात. तिथे रंगीत काच लावून चाचणी दिलेली चालत नाही. त्यामुळे नेत्रतज्ज्ञाकडे जाल तेव्हाच इशिहाराच्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांवर त्याचे डोळे तपासून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर ते आत्ताच कळलेलं बरं, दुसऱ्या वाटा बघायला वेळ मिळेल. डिस्लेक्सिया निघाला म्हणून बोट सुटली असं समजू नका. इंग्रजीत ४० टक्के मिळवणं आणि तपासणीत पास होणं, हे डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्याही आवाक्यात आहे.

मामा रजेवर आले की त्यांच्याकडून बोटीवर रोज लागणारे पन्नास इंग्रजी शब्द लिहून घ्या. दोर, शिडी, आग विझवायची साधनं, धोक्याच्या पाट्या. पाठ्यपुस्तकापेक्षा ते तो आवडीने वाचेल. रोज पंधरा मिनिटं, मोठ्याने, तुम्ही शेजारी बसून. पाच दिवसांचे आकडे आणि डॉक्टरांचा कागद मला गणेश चवथीच्या आधी पाठवा, म्हणजे शाळेत काय मागायचं ते ठरवता येईल.