नवरा आखेनला येतोय, आणि माझ्या परीक्षा तोंडावर आहेत

प्रश्न : मी मूळची सांगलीची, सध्या जर्मनीत आखेनला मास्टर्स करते. माझे मिस्टर जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी येणार आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचा हळदीचा व्यापार आहे. परदेशी पहिल्यांदाच येतायत, जर्मन अजिबात येत नाही. माझी लेक्चर्स जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि लगेच परीक्षा. त्यांना फिरवायचं कसं आणि अभ्यास सांभाळायचा कसा?
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : तीन आठवडे रोज तुम्हीच सोबत असायला हवं, हे आधी डोक्यातून काढा. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांना एकट्यानं बाहेर पडून घरी परत येता येईल एवढं शिकवा, म्हणजे पुढचे दिवस दोघांनाही सुखाचे जातील. जो माणूस पहाटे यार्डात सौदे करतो, त्याला बस पकडणं अवघड नाही. त्याला खोलीत बसवून ठेवलंत, तर चौथ्या दिवशी कुरबुरी सुरू होतात.

सुरुवात तिकिटापासून. ‘डॉइचलांड टिकेट’ जानेवारी 2026पासून महिना 63 युरो आहे. त्यावर जर्मनीभर बस, ट्राम, मेट्रो आणि लोकल-रिजनल गाड्या (आरबी, आरई, एस-बान) चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना ते चालत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिथंच फसतो, कारण फलाट तोच असतो. गाडीत चढण्यापूर्वी पाटीवरची अक्षरं वाचायची सवय त्यांना लावा. विनातिकीट सापडलं तर 60 युरो दंड. तिकीट नावावर असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवाच. तुमच्या सेमिस्टर तिकिटावर (विद्यापीठाकडून मिळणाऱ्या प्रवासाच्या पासवर) त्यांना नेता येईल असं धरून चालू नका.

हे तिकीट कॅलेंडरच्या महिन्यानुसार चालतं आणि ती वर्गणी असते. म्हणून मुक्काम एकाच महिन्यात बसवा, उदाहरणार्थ 5 ते 26 जून. 20 जून ते 10 जुलै असा ठेवलात, तर साधारणपणे दोन महिन्यांचे पैसे जातात. आणि जूनचं तिकीट 10 जूनच्या आत रद्द करा. नाहीतर जुलैचे 63 युरो आपसूक कापले जातील. रद्द केलं तरी महिनाअखेरपर्यंत ते चालतंच. ही तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, कारण पाहुणा आल्यावर ती हमखास विसरते.

पहिला दिवस आखेनमध्येच घालवा. उन्हाळ्यात आपल्यापेक्षा घड्याळ साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे त्यांना संध्याकाळी सातलाच झोप येणार. स्टेशनपासून कॅथेड्रल चालत पंधरा-वीस मिनिटांवर. शार्लमेन राजाला 814 साली तिथंच पुरलं आणि 1978च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत ही वास्तू होती. त्याचं सिंहासन वरच्या मजल्यावर आहे. ते गाईडबरोबरच्या फेरीतच पाहता येतं, तेव्हा वेळ आधी ठरवून घ्या. जवळच एलिझेनब्रुनेनला गरम गंधकाचं पाणी नळातून येतं. वास सडक्या अंड्यासारखा, आणि ते पिण्यासाठी नाही.

त्यांना एकट्याला पाठवायला कोलोन उत्तम. आरई 1 किंवा आरई 9नं तासाभरात पोहोचतात, आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोरच कॅथेड्रल, त्यामुळे चुकायला वावच नाही. दक्षिण मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच पाहिलेलं बरं.

एक अख्खा दिवस मात्र दोघांनी मिळून काढा, आणि तो ऱ्हाईनच्या खोऱ्यासाठी. कोलोनला गाडी बदलून कोब्लेन्झला जा. गाड्या सर्रास उशिरा धावतात, म्हणून दोन गाड्यांमध्ये निदान वीस मिनिटं ठेवा. कोब्लेन्झला मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम पाहत वाढलेल्या माणसाला तिथं उभं राहून बरं वाटेल, फक्त इथं टोकावर घोड्यावर बसलेल्या सम्राटाचा पुतळा आहे. पुढे नदीच्या डाव्या काठानं बिंगेनकडे जाणाऱ्या आरबी 26मध्ये डाव्या हाताची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला असते. उजवीकडे बसलात तर तासभर डोंगराची भिंत बघाल. लोरेलायचा कडा, मग काउबजवळ नदीच्या मधोमध उभा छोटा किल्ला, सगळं त्या खिडकीतून दिसतं. परत येताना अर्थातच उजवी खिडकी.

नेदरलँड्सच्या फाल्सला जाऊन तीन देशांची हद्द एकत्र येते ती टेकडी पाहता येते. उंची जेमतेम 322 मीटर, आणि तरी मुख्य नेदरलँड्समध्ये त्याहून उंच जागा नाही! सह्याद्रीतल्या माणसानं हसू आवरावं. सीमेवर तपासणी होऊ शकते, पासपोर्ट घरी ठेवू नका.

आता खोलीचं. वसतिगृहात राहत असाल तर पाहुण्याचा नियम करारात वाचा. कुठे काही रात्रींपुरतीच मुभा असते, कुठे आधी कळवावं लागतं. न कळवता ठेवलं आणि शेजाऱ्यानं तक्रार केली, तर अडचण तुमची होते. परदेशातून आलेल्या पाहुण्याला तीन महिन्यांपर्यंत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागत नाही. रात्री दहानंतर भारतात मोठ्यानं व्हिडिओ कॉल नको. पातळ भिंतींतून सगळं ऐकू जातं. आणि छतावर धुराचा अलार्म आहे: तेल धुरावून सुक्या मिरचीची फोडणी टाकलीत की तो केकाटणार. मोहरी टाकण्यापूर्वी खिडकी उघडा, तेल मध्यम आचेवर ठेवा. अलार्म काढून ठेवायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका.

रविवारी दुकानं बंद. दूध-भाजी शनिवारीच भरा. प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की ती परत मिळते. हे काम मिस्टरांकडे सोपवा, व्यापारी माणसाला ते आवडेल.

प्रश्न : बायको जर्मनीत शिकते. मी तिला भेटायला जाणार आहे. व्हिसासाठी तिचं पत्र पुरेल का? आणि साताऱ्याहून जाताना कंदी पेढे नेले तर चालतील का?
– शाहूपुरी, सातारा

उत्तर : पेढ्यांचं आधी सांगतो: नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत, आणि पेढा म्हणजे खवाच. तूप आणि चक्काही नाही. ताजा कढीपत्ता, लिंबं, आंबे, द्राक्षं यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते घरगुती पिशवीबरोबर कोण काढणार? बेदाणे, चिवडा, भडंग, पापड, कुरडया, हळद आणि मसाला मात्र खुशाल न्या.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा; फी 90 युरो, सर्व्हिस चार्ज वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान 15 दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. तेव्हा दोन-अडीच महिने हातात ठेवा. विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामाला लागू असणारा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने शिल्लक हवी आणि दोन पानं कोरी हवीत. विमानाचं आरक्षण दाखवा, पण व्हिसा हातात येईपर्यंत पैसे भरून तिकीट काढू नका.

पत्नीचं पत्र, तिच्या निवास परवान्याची आणि विद्यापीठाच्या प्रवेश दाखल्याची प्रत, लग्नाचा दाखला हे सगळं जोडाच. पण विद्यार्थिनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमधले (राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यातले) पैसे तिच्या स्वतःच्या खर्चासाठी असतात, त्यावर तुमच्या खर्चाची हमी सहसा मान्य होत नाही. खर्च तुमच्याच खात्यातून दाखवा. अर्ज अडतो तो बहुतेक दोन ठिकाणी: अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम, आणि ‘हा माणूस परत येईल का’ ही शंका. रजा मंजुरीचं पत्र, आयकर विवरणपत्रं, सात-बारा किंवा दुकानाची कागदपत्रं या शंकेला उत्तर देतात. नकाराविरुद्ध फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय जर्मनीनं 1 जुलै 2025पासून बंद केली; आता नवा अर्ज किंवा कोर्ट, एवढेच मार्ग. म्हणून पहिलाच अर्ज नीट करा. पुण्यात अपॉइंटमेंट असेल तर खंबाटकी घाटातल्या कोंडीचा वेळ धरून पहाटेच निघा.

प्रश्न : आमचा फक्त साखरपुडा झालाय. ती तिकडे शिकते. लग्नाआधी व्हिसा मिळतो का?
– मिरज

उत्तर : मिळतो. भेटीच्या व्हिसाला लग्नाची अट नाही. अर्जात नातं खरं तेच लिहा, साखरपुड्याचे एक-दोन फोटो आणि तिचं पत्र जोडा. पण या व्हिसावर जाऊन तिथेच लग्न करून राहायचा बेत असेल, तर तो इथेच सोडा. त्यासाठी वेगळा राष्ट्रीय (दीर्घ मुक्कामाचा) व्हिसा भारतातूनच घ्यावा लागतो.