यादी नको, टायमर लावा

प्रश्न : नमस्कार ताई, मी डोंबिवलीत ६४ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. 'वीज वाचवा, वसुंधरा वाचवा' असा मोठा बोर्ड जिन्यापाशी लावला, व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकले, अंगठे सगळ्यांचे येतात पण फरक काहीच नाही. त्या बोर्डाच्या वरची ट्यूबलाईटसुद्धा दुपारी बारा वाजता चालू असते! आता कमिटीतले एक काका म्हणतायत की सगळ्यात जास्त युनिट जाळणाऱ्या दहा घरांची यादी नोटीस बोर्डावर लावा म्हणजे आपोआप सुधारतील, आणि कमी वापरणाऱ्याला बक्षीस ठेवा. करू का?

उत्तर : यादी अजिबात नको. भांडणं तर होतीलच, पण ते बाजूला ठेवा, ज्यांचं नाव यादीत नाही त्या ५४ घरांना काय वाटेल ते बघा. त्यांना वाटेल, चला, आपण तर बरेच बरे, मग एसी अजून तासभर चालला तर कुणाचं काय घोडं मारलं.

हे मी मनाने नाही सांगत. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस म्हणून एक शहर आहे, तिथे संशोधकांनी घरांच्या दाराच्या मुठीला कागद अडकवले. त्यावर तुमचा वापर इतका, आणि आसपासच्या घरांची सरासरी इतकी. जास्त वापरणारे खाली आले, छान, पण जे आधीच कमी वापरत होते ते वर गेले ना! सरासरीपेक्षा खाली आहोत म्हटल्यावर हात सैल सुटला. मग काही घरांच्या कागदावर आकड्याशेजारी पेनाने एक हसरा चेहरा काढला, जास्तवाल्यांना रडका, आणि तेवढ्या हसऱ्या चेहऱ्यावर कमीवाले कमीच राहिले. २००७ सालचा अभ्यास आहे हा.

त्याच शहरात आणखी एक प्रयोग झाला होता तो मला जास्त आवडतो. काही घरांना कागद दिला की पंखा लावा पैसे वाचतील, काहींना पर्यावरणासाठी, काहींना समाजासाठी, आणि काहींना नुसतं एवढंच की इथले ७७ टक्के लोक एसीऐवजी पंखा लावतात. सगळ्यात जास्त वीज या शेवटच्या घरांनी वाचवली, आणि विचारलं तर लोक म्हणतात छे, शेजाऱ्यांचं काय घेऊन बसलात, आमच्यावर काही परिणाम नाही त्याचा. (आपल्याकडे पण शेजारी काय करतात याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं, फक्त नवीन सोफा आला की जिन्यात गर्दी होते.)

आता बक्षीस. दिल्लीजवळच्या अपार्टमेंटमध्ये असाच प्रयोग झाला, शेजाऱ्यांशी तुलना करणारे रिपोर्ट दिले तर उन्हाळ्यातला वापर साधारण ७ टक्क्यांनी उतरला. सोबत पैशाचं आमिष जोडलं तर ती बचत जवळपास गायबच झाली. माझा अंदाज असा की पैसे आले की माणूस हिशोब करायला बसतो, एवढ्याशा रुपयांसाठी उकाड्यात कोण बसणार, आणि विषय संपला. म्हणून तुमचं बक्षीस राहू द्या.

तुम्ही काय करा, ज्या घरांची तयारी असेल त्यांच्याकडून बिलं घ्या आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा आकडा बंद पाकिटात द्या, त्या आकड्याच्या बाजूला तेवढ्याच खोल्यांच्या फ्लॅटची सरासरी, कमी असेल तर हसरा चेहरा. वन बीएचके आणि थ्री बीएचके एका तागडीत तोलू नका, लोक पाकीटच फेकून देतील.

आणि जिन्यातली ट्यूबलाईट? तिथे माणसाचं मन वळवायला जाऊच नका, टायमर लावा. वायरमन अर्ध्या दिवसात करून देईल. देशपातळीवर पण हेच झालंय, १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी २४ डिग्रीवरच सुरू होतील असे सेट करून विकायचा नियम आला. बटण दाबून १८ करा, कुणी अडवत नाही. पण बटण दाबायचा कंटाळा ही फार मोठी ताकद आहे हो, आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यात २४ च राहिला, कारण रिमोट सोफ्याच्या फटीत गेला होता आणि कुणी उठलंच नाही. बीईई म्हणजे केंद्र सरकारची वीजबचतीचं काम बघणारी संस्था, तिच्या हिशोबाने वाढवलेल्या एकेका डिग्रीमागे साधारण ६ टक्के वीज वाचते.

प्रश्न : म्हणजे सगळं ओझं परत सामान्य माणसावरच ना? कंपन्या आणि सरकार मोकळे? – एक वाचक, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे. अमेरिकेत ओपॉवर कंपनीचे असे तुलनेचे रिपोर्ट सहा लाखांच्या आसपास घरांवर तपासले तेव्हा सरासरी बचत निघाली २ टक्के. कागदाच्या खर्चात २ टक्के वाईट नाहीत, पण तेवढ्यावर हवामानाचा प्रश्न सुटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि 'तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा', म्हणजे तुमच्या एकट्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते मोजा, हे घरोघरी पोचवण्यात बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, यावरूनच काय ते ओळखा.

आपल्याकडे उजाला योजनेतले एलईडी बल्ब आठवतात का, वीजबिल दाखवून घ्यायचो ते? २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ ला आला, कारण खरेदीच प्रचंड मोठी केली. लोकांनी बल्ब बदलले ते दरामुळे.

तरी बारीकसारीक गोष्टींना कमी लेखू नका. महावितरणची गो ग्रीन योजना बघा, कागदी बिल सोडलं की दर बिलात १० रुपये सूट होती, मग २०२५ च्या तोंडावर तेच वर्षाचे १२० रुपये पहिल्याच बिलात एकरकमी द्यायचं ठरलं. पैसे तेवढेच, पण १० रुपये कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत, १२० भरतात. मला विचाराल तर ईमेलवरचं बिल हाच नेहमीचा मार्ग ठेवावा आणि ज्यांना कागद हवा त्यांनी तसं कळवावं, तेही फोनवरून, फुकटात, कारण माझ्या सासूबाईंना बिल हातात धरल्याशिवाय ते खरं वाटत नाही.